ही विजार मी शिवणार नाही

बस, ओइवा. कॉफी घे.
ती पिशवी पावाजवळ ठेवू नकोस, तेलाचा वास येतो.
दाखव.
हं. डावी मांडी, गुडघ्याच्या चार बोटं वर.
एवढीशी चीर, मांजराने ओरबाडावी तशी.
आतले पांढरे धागे बाहेर आलेत, लांब, हावरे,
अजून करवतीची साखळी शोधतायत.

गावाचं सगळं मीच शिवते, खरं आहे.
पाद्रीबाईंचा झगा, होड्यांवरची ताडपत्री,
शवपेटीतलं अस्तरसुद्धा.
एकदा तर कुत्र्याचा कान शिवलाय,
पशुवैद्य नव्वद किलोमीटरवर होता म्हणून.
पण ही विजार मी शिवणार नाही.

जाड आहे म्हणून ती वाचवते, असं वाटतं ना तुला?
ती फाटते म्हणून वाचवते.
साखळी आत शिरली की हे धागे सुटतात,
दातांत अडकतात, चाकाला गुंडाळतात,
आणि पाइनचं झाड आडवं पाडणारं ते इंजिन
घास अडकल्यासारखं
गप्प होतं.
मी टाके घातले
तर धागे जागच्या जागी बसतील, शहाण्यासारखे,
आणि साखळी
माझ्या नीटस शिवणीवरून
हाडापर्यंत जाईल.

आता खरं सांग. फांदी खांद्याच्या वर होती.
एका हातात करवत, दुसऱ्या हाताने फांदी बाजूला सारत होतास.
टोक मागच्या खोडाला लागलं आणि ती उसळली.
मला कसं कळलं? चीर बघ, तिरकी आहे,
वरून खाली आलेली.
माणसं सांगताना फिरवतात,
कापडाला ते जमत नाही.
आणि एकटा होतास, होय ना?
नंतर गाडीत बसून राहिलास,
किल्ली भोकात जाईना.

जिवावरचं कापडावर निभावलं, पोरा.
आता त्या कापडाला जाऊ दे.

नव्या विजारीची किंमत मला माहीत आहे.
आठवड्याची मजुरी.
खिडकीपाशी बसलाय ना, माझा उर्हो,
त्याला करवतीने कधी एक ओरखडाही काढला नाही.
एकोणतीस हिवाळे. फुशारकी मारायचा.
तेव्हाच्या करवती हातात नुसत्या थडथडायच्या,
हातमोजे म्हणजे बायकांचे लाड,
आणि विश्रांती? ती रविवारी, चर्चमध्ये.
ती थडथड भाडेकरूसारखी त्याच्या बोटांत राहायला आली
आणि एके दिवशी घरच बळकावून बसली.
आता पारा शून्याखाली गेला
की टोकांपासून बोटं पांढरी होत जातात,
मेणबत्त्यांसारखी. फक्त पेटत नाहीत.
सकाळी त्याचा सदरा मी लावून देते.
खिशात नाणं आहे की खिळा, त्याला बघूनच कळतं.
कानांचंही तेच.
मी रागावते तेव्हा तो प्रेमाने मान डोलावतो.
(चाळीस वर्षांत
आमचं इतकं छान कधी जमलं नव्हतं.)

कानाला टोप्या लाव. दोन्ही हातांनी धर,
अंगठा खालून वळवून, मूठ पक्की.
बोटांना मुंग्या आल्या की थांब,
शेकोटीशी जा, हात काखेत घाल.
मुकादम काय म्हणायचं ते म्हणेल.
हे मी जंगलात जाऊन शिकले नाही,
याच टेबलाशी बसून शिकले,
दुसऱ्याची बटणं लावता लावता.

नाही, हसून घडी घालू नकोस.
तुझे डोळे सांगतायत, घरी जाऊन
तूच दोन टाके मारणार आहेस.
ती मोठी कात्री दे इकडे.

झालं. कमरेपर्यंत. आता विषयच संपला.
डब्यात पैसे आहेत, माशांच्या मोसमात परत कर.
आणि शनिवारी घराच्या छपरावरचा बर्फ काढायला ये.
फावड्याने. दोरी बांधून.

बटणं तेवढी काढून घेते.
पट्ट्यांची आहेत, पितळी, मोठी.
उर्होच्या बोटांना
कदाचित सापडतील.